कुठलं पावणं?

आमच्या शाळेत रुजू व्हायला गेलो, त्या दिवशी फाटकातच एका बाईंनी माझी वाट अडवली. गळ्यात शिट्टी, पदर कमरेला खोचलेला, एका हातात खडूची पेटी आणि दुसऱ्या हातात, का कोण जाणे, पिठाची चाळण. मागं वर्गभर पोरं. बाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि पलीकडच्या गल्लीलाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कुठलं पावणं?"

मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, बदली होऊन आलोय म्हणून सांगितलं. बाईंचं समाधान होईना. त्या पोरांकडं वळून म्हणाल्या, "बोलतंय तर गोड. पण गोड बोलणारं आधी तपासायचं. काय?"

"हुकूम दावा!" पोरं ओरडली. एका मुलीनं पुढं होऊन माझ्या हातातला बदलीचा हुकूम घेतला, वाचला, उलटा करून मागची बाजूही बघितली आणि मान हलवली. मग कुठं मला वाट मिळाली.

तो सहावीचा विज्ञानाचा तास होता आणि मी त्यात जंतू होतो, हे मला मधल्या सुट्टीत चहा पिताना कळलं.

हा बाईंचा आवडता खेळ. शाळेचं मैदान म्हणजे शरीर आणि फाटक म्हणजे वेस. वेशीवर पहारेकरी उभे करायचे आणि त्यांनी येईल त्याला "कुठलं पावणं?" म्हणून विचारायचं. जो आपल्याच शरीरातला, त्यानं "घरचंच!" म्हणायचं आणि खूण म्हणून दोन्ही तळहात पुढं करायचे. जंतू झालेला गडी काहीतरी थाप मारणार, ती पहारेकऱ्यानं पकडायची. नाही पकडली तर सगळं मैदान आजारी पडायचं, म्हणजे पोरं जागच्या जागी धुळीत आडवी व्हायची आणि संध्याकाळी त्यांच्या आया बाईंच्या नावानं बोटं मोडत गणवेश धुवायच्या. "घरचं कोण आणि बाहेरचं कोण एवढं ज्याला कळलं, तो निम्मा डाक्टर झाला," असं बाई म्हणायच्या. उरलेलं निम्मं काय, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाल्या, "ते डाक्टरास्नी बी अजून कळलेलं न्हाय."

शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच. आणि मी त्यांच्यासाठी शेवटपर्यंत 'पावणं'च राहिलो. शाळेच्या गावातच, बावड्यात, घर बांधलं, मुलीचं लग्न केलं, केस पिकले, तरी स्टाफरूममध्ये हाळी यायचीच, "पावणं, चहा गार व्हायलाय की!"

पुस्तकात रोगप्रतिकारशक्तीचा धडा दीड पानाचा होता. बाईंना तो शिकवायला सबंध वर्ष पुरत नसे. त्यांचे वडील तालमीत वस्ताद. मुलीच्या जातीला लाल मातीत उतरायची सोय नव्हती, म्हणून बाई लहानपणी तालमीच्या खिडकीला नाक लावून उभ्या राहायच्या. मातीत उतरायचं राहिलं ते राहिलंच, पण त्याचा परिणाम असा झाला, की त्यांच्या विज्ञानात पांढऱ्या पेशी कधी आल्याच नाहीत, पैलवान आले. लस म्हणजे काय? तर वस्तादानं आधी दाखवून ठेवलेला डाव. "वस्ताद लुटुपुटीची कुस्ती लावून डाव दावतो. पुढं खरा गडी तोच डाव घेऊन आला, की आपला पैलवान इचारत बसत न्हाय. धरतो आणि आपटतो." प्रतिपिंडं शिकवायला त्यांनी चपला शिवणाऱ्याकडून कातड्याचे उरलेले तुकडे आणले होते. काही तुकड्यांना खाचा पाडल्या होत्या, ते जंतू. बाकीच्या ढिगातला जो तुकडा त्या खाचेत नेमका बसेल ती त्याची पकड, म्हणजे प्रतिपिंड. पोरं तासभर ढीग उपसत बसायची. माझा मराठीचा तास पुढचा असायचा आणि मला तो कातड्याच्या वासात घ्यावा लागायचा.

मी कुरकुरायचो. का कुरकुरू नये? माझ्या विषयाला फळा आणि पुस्तक पुरतं. माझ्या वर्गाच्या खिडकीत महिनाभर पावाचे तुकडे लटकत होते, प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत बंद. एकाला धुतलेल्या हाताचा स्पर्श, एकाला न धुतलेल्या, आणि एकाला आमच्या मुख्याध्यापकांचा. चिठ्ठीवर पदासकट लिहिलेलं होतं. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत हिरवीगार बुरशी कुणाच्या पावाला आली ते सांगायला नको. मुख्याध्यापक त्यानंतर बाईंशी आठवडाभर बोलले नाहीत, पण जेवायच्या आधी दिसतील तिथं नळ शोधायला लागले.

दुसरा प्रकार गुलालाचा. सकाळी एका पोराच्या तळहाताला चिमूटभर गुलाल लावायचा, त्यानं कुणाला सांगायचं नाही आणि रोजच्यासारखं वागायचं. शाळा सुटताना बाई सगळ्यांना घेऊन गुलाबी डाग शोधत फिरायच्या. घंटेची दोरी, पाण्याचा पेला, हजेरीचं टेबल, आणि एकदा माझं नाक. "बघा, नाकाला हात लावायची सवय कुणाला हाय ते!" बाई हसल्या, पोरं हसली, आणि मी घरी जाऊन साबण लावून नाक लाल करून घेतलं.

हा गुलाल बाईंना वैष्णवी आणून द्यायची. सहावीतली, कबड्डीच्या संघाची कप्तान. वडील आणि चुलते यांचं जोतिबाच्या डोंगरावर नारळ-गुलालाचं दुकान, घर इथं बावड्यात, घरात आजीचा कारभार. आवाजानं ही पोर बाईंची सख्खी भाची शोभली असती. आमच्याकडच्या मुली 'मी येते' म्हणत नाहीत, 'मी येतो' म्हणतात. मराठीचा मास्तर म्हणून पहिली दोन वर्षं मी ते सुधारायला गेलो आणि मग हात टेकले. बाईच जिथं "पावणं, मी जातो आता," म्हणायच्या, तिथं पोरींना काय सांगणार?

वैष्णवी सहावीत होती, त्याच वर्षी तिच्या वर्गातली सानिया शाळेत परत आली.

ती पाचवीत असताना रक्ताच्या आजारावर उपचार घ्यायला मुंबईला गेली होती. परत आली ती डोक्याला स्कार्फ आणि तोंडाला मास्क लावून. वडिलांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज. आई तिला सोडायला यायची आणि शाळा सुटेपर्यंत फाटकाजवळच्या पायरीवर बसून असायची. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तिनं आम्हाला स्टाफरूममध्ये समजावलं, एकेक शब्द जपून. आजार आटोक्यात आहे, पण गोळ्या चालू आहेत. त्या गोळ्यांनी अंगातली लढायची ताकदच खाली आणली आहे. लहानपणी दिलेल्या लशींचा आता भरवसा नाही आणि नवीन लस सोसणार नाही. "शाळेत जाऊ दे, मन रमंल, म्हणाले डाक्टर. पण आजारी पोरांपास्नं लांब. साधा गोवर झाला तरी हिला झेपायचा न्हाय बाई." शेवटचं वाक्य ती दोनदा बोलली.

वर्गात मात्र उलटंच झालं. सानियाचा आजार आपल्याला लागेल म्हणून पोरं बाक सरकवायला लागली. दोन दिवसांत तिच्या भोवती मोकळी जागा पडली. तिसऱ्या दिवशी वैष्णवीनं आपलं दप्तर उचललं आणि तिच्या शेजारी आदळलं. "मी बसतो हिच्याजवळ. मला काय कुणाचं भ्या न्हाय." बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी भर तासात शिट्टी वाजवली.

पण एकीनं बसून भागणार नव्हतं. बाईंनी सगळ्या वर्गाला नवीन खेळ शिकवायचं ठरवलं. त्याला त्या 'कडं' म्हणायच्या. आदल्या दिवशी वर्गात विचारलं, "शाळेत गोवराची इंजेक्शनं झालती, ती कुणी घेतली न्हाय? हात वर करा." एकही हात वर झाला नाही. बाई खूश झाल्या. मी तेव्हा शेजारच्याच वर्गात होतो, ते सगळं मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मोठं कडं केलं. मध्ये, सगळ्यांपासून लांब, सानिया. कोरडा गुलाल तिच्या छातीला बरा नव्हे म्हणून बाईंनी तो पाण्यात कालवला होता आणि स्पंजचा चेंडू त्यात बुडवून पिळून घेतला होता. चेंडू म्हणजे गोवर. नियम साधा. ज्याचं इंजेक्शन झालंय त्यानं शेजाऱ्याचे हात धरायचे आणि चेंडू अडवायचा. ज्याचं झालं नाही त्यानं हात पाठीमागं बांधून उभं राहायचं.

"सानियाचं पैलवान औषधांनी झोपवल्यात," बाई म्हणाल्या. "ती लढू शकत न्हाय. तिचा आजार तुम्हाला लागत न्हाय, येडचापांनो. तुमचा तिला लागतो. म्हणून तिच्या वाटणीची कुस्ती तुम्ही खेळायची. समजलं?"

मी झाडाखाली खुर्ची टाकून वह्या तपासत होतो आणि, कबूल करायला हरकत नाही, वह्या तशाच राहिल्या होत्या. चेंडू येत होता, पोरं हातांनी, पोटांनी, एकानं तर कपाळानं अडवला. गुलाबी ठिपके उडत होते. सानिया मास्कच्या आड हसत होती, ते तिच्या खांद्यांवरून कळत होतं. मग बाईंनी चेंडू स्वतः घेतला आणि वैष्णवीच्या बाजूला जोरात मारला. कप्तान ती, ती अडवणारच.

चेंडू वैष्णवीच्या कमरेला घासून आत गेला आणि सानियाच्या खांद्यावर बसला. पांढऱ्या सदऱ्यावर वाटीएवढा डाग.

पोरं हसली. बाईही हसल्या. "अगं कबड्डी इसरलीस काय? हात कुठायत?"

वैष्णवीचे हात पाठीमागं होते. तिनं ते पुढं घेतले नाहीत. दोन्ही बाजूच्या पोरी आपापला हात लांबवून उभ्या होत्या.

"वैष्णवी, हात धर की."

"माझं इंजेक्शन झालं न्हाय बाई. मी तवा यात्रंला दुकानावर गेलतो."

"मग काल हात वर का न्हाय केलास?"

"काल वर्गात इचारलतं. हे खेळात हाय." तिची मान खाली गेली. "खेळात मी खोटं खेळत न्हाय."

बाईंचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं. "बरं, आता उद्याच तुझं इंजेक्शन..." एवढं म्हणेपर्यंत ती पोर रडायलाच लागली. जिला गुडघा फुटल्यावर कुणी रडताना बघितलं नव्हतं ती. "आजीनं सांगितलंय कुणाला सांगायचं न्हाय. घरात बाया आल्यात. बारक्याला. चुलत्याच्या बारक्याला. दाराला लिंब बांधलाय."

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्याकडं अजून कैक घरांत अंगावर गोवर उठला की त्याला रोग म्हणत नाहीत. 'बाया आल्या', म्हणजे देवी पाहुणी आली, म्हणतात. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधायचा, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, आणि मोठ्यानं नाव घ्यायचं नाही, नाहीतर देवीचा कोप होतो. दवाखान्यात न्यायचं नाही आणि गावभर सांगायचं तर मुळीच नाही.

कड्यातले हात सुटले. पोरांना सगळं कळलं होतं. इतके महिने ती दुसरं शिकली तरी काय होती? घरात गोवर, वैष्णवीला लस नाही, आणि वैष्णवी सानियाच्या शेजारी, एकाच बाकावर, कितीतरी दिवस. आणि तिथं तिला बसलेली बघून शिट्टी बाईंनीच वाजवली होती. मी बाईंकडं बघितलं. त्या आपल्या गुलालानं भरलेल्या तळहाताकडं बघत होत्या.

मग आवाज आला, पण तो नेहमीचा नव्हता, हळू होता. "पावणं, गाडी काढा."

बाईंनी हात धुतले आणि पायरीवरच्या सानियाच्या आईला सगळं उभ्या उभ्या सांगितलं, काही न लपवता. "क्या हुआ? क्या हुआ बाई?" एवढंच ती म्हणत राहिली. वैष्णवीला बाईंनी जवळ घेतलं नाही, सानियाबरोबर जायचं होतं म्हणून घेता येणार नव्हतं. लांबूनच म्हणाल्या, "तू खरं खेळलीस. घरला जा, झोप, कुणात मिसळू नको. मी येतो तुझ्या घराकडं."

माझ्या जुन्या गाडीचा हॉर्न तेवढा चांगला वाजतो. मी तो बावड्यापासून सरकारी दवाखान्यापर्यंत वाजवत नेला. सरळ सांगतो, मला भीती वाटत होती. आरशात मागच्या सीटवर आई, मध्ये सानिया, पलीकडं बाई. सानियाच्या खांद्यावरचा डाग अजून ओला होता.

"बाई," ती म्हणाली, "माझं पैलवान झोपल्यात न्हवं? मग आता?"

"आता दुसऱ्या तालमीतलं आणायचं. उसनं."

"उसनं मिळत्यात?"

"मिळत्यात की. ज्यांनी गोवराशी कुस्ती जिंकलीया, त्यांच्या रक्तातली पकड काढून बाटलीत भरून ठेवत्यात. आधी शिकवलं न्हवं मी, आईच्या दुधातनं बाळाला कशी जाती?"

"ते माझ्यासाठी कशाला लढतील? मी त्यांच्या गावची न्हाय."

"पैलवानाला कुस्ती पायजे असती बाळा. गाव कुठलं ते बघत न्हाय."

डॉक्टर तरुण होते. बाईंनी त्यांना पहिल्या वाक्यात जे सांगायचं ते सांगितलं: औषधं कुठली चालू, संपर्क कुणाचा, कधीपासून. डॉक्टरांनी मुंबईला फोन लावला. तयार प्रतिपिंडांचं औषध दुसऱ्या दवाखान्यातून मागवावं लागलं. ते येईपर्यंत सानियाची आई, बाई आणि मी बाकावर बसून होतो. इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंय असं वाटतंय. पण खात्री नाही देता येणार. दोन-तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागेल." सानियाला वेगळ्या खोलीत ठेवलं. काचेतून तिनं आम्हाला तळहात दाखवले.

तिथून बाई घरी गेल्या नाहीत. मला म्हणाल्या, "वैष्णवीच्यात जायाचं. वाटेत नारळ घ्या." मला वाटलं, आता तिच्या आजीची खैर नाही. बाईंचा राग मी बघितला होता. एका पालकाला त्यांनी तंबाखू खाऊन शाळेत आला म्हणून नळाखाली धरलं होतं.

दाराला लिंबाचा डहाळा होता. आजी उंबऱ्यातच आडवी उभी राहिली, आत यायचं नाही म्हणून. नातीनं शाळेत तोंड उघडल्याचं तिला कळलं होतं. "का आलाय? त्यांचं नाव घेऊ नका माझ्या दारात."

बाईंनी चपला काढल्या, नारळ उंबऱ्यावर ठेवला आणि हात जोडले. "न्हाय घेत, मावशी. मान करायला आलोय. किती दिस झालं येऊन?"

आजी जरा वरमली. "झालं आठ-धा दिस. बारकं आता उतारावर हाय. पण ही थोरली शाळंतनं आल्यापास्नं तापली बघा."

"व्हय? मग एक इचारतो. तुमच्यात पावणं आलं, तर आजूबाजूला सांगायची रीत हाय का न्हाय?"

"हाय की."

"का सांगता?"

"का म्हंजे? पावणं कुणाच्या बी दारात चुकून जातंय. लोकास्नी म्हाईत पायजे, आमच्यातलं हाय म्हणून."

"मग एवढं मोठं पावणं आलंय तुमच्यात," बाई म्हणाल्या, आणि तिथं मात्र त्यांचा आवाज फाटला, "आणि तुम्ही कुणाला बोलला न्हाईसा. ते तुमच्या पोरीच्या संगट शाळंत आलं. तिथं एक पोरगी हाय, औषधांनी तिचं अंग उघडं पडलंय, तिच्यात घर बी न्हाय आणि दार बी न्हाय. तिनं पावण्याला कुठं बसवायचं, सांगा मला."

आजीनं नारळ उचलला आणि कपाळाला लावला. मग आत वळून सुनेला म्हणाली, "शाल दे माझी." आम्ही गाडीत बसेपर्यंत म्हातारी शेजारच्या दारात पोचली होती. बाईंसारखाच आवाज. "आमच्यात बाया आल्यात गं! तुमच्या पोरांची इंजेक्शनं ऱ्हायली असतील तर करून घ्या! आणि तुमच्या परड्यातला लिंब कशासाठी तोडलाय ते बी सांगा!" त्या गल्लीत आणखी डहाळे निघाले. दोन दिवसांत आरोग्यवाल्यांनी शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकलं, आणि रांगेत सगळ्यात पुढं पोरांना दंडाला धरून आजी.

वैष्णवीच्या अंगावर गोवर उठला. ती धडधाकट पोर, दहा दिवसांत बरी झाली. सानियाला गोवर उठतो का, ती वाट बघणं राहिलं.

ते दिवस मला आठवतात ते आवाज नसलेले. बाईंनी शिट्टी कपाटाच्या खिळ्याला अडकवून ठेवली होती. पुस्तक उघडून दीड पान वाचून दाखवायच्या आणि बसायच्या. पोरं घाबरली. पालकांची बैठक झाली, त्यात एकानं उठून विचारलंच, "तब्येतीनं नाजूक पोरीला कड्यात उभं करून चेंडू मारायचं, ही कसली शिकवण?" मला वाटलं, आता ज्वालामुखी. बाई उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "कड्याच्या आधी मी घरोघर जाऊन इचारायला पायजे होतं. चुकलं माझं," आणि खाली बसल्या. त्या बैठकीत मलाच राग आला. खेळ झाला नसता तर ती पोर तोंड उघडती का, असं मी भर सभेत ओरडलो. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं मी बोललेलो नाही. मुख्याध्यापकांनी माझ्याकडं पाण्याचा पेला सरकवला.

एका दुपारी सानियाला ताप भरल्याचा फोन आला. बाई सहावीच्या वर्गातून उठून नळावर गेल्या आणि हात धूत राहिल्या. साबण लावायचा, धुवायचा, पुन्हा लावायचा. त्यांना थांबवायला गेलो तर म्हणाल्या, "वडील म्हणायचे, डाव दावणारा वस्ताद कधी मातीत पडत न्हाय, पोरगं पडतंय. मला ते आज कळलं पावणं." मी नळ बंद केला, त्यांनी तो पुन्हा चालू केला.

दोन दिवस ताप होता. अंगावर पुरळ उठतंय का ते बघायला आई दर तासाला तिचा सदरा वर करायची. पुरळ उठलं नाही. ताप साध्या सर्दीचा निघाला. आणखी काही दिवस गेले, मग डॉक्टरांनीच शाळेत फोन करून बाईंना सांगितलं, की उसने पैलवान टिकले. हा शब्द त्यांना सानियानं शिकवला होता.

ती परत आली तेव्हा साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता, मळीचा वास सगळ्या मैदानावर पसरला होता. बाईंनी खिळ्यावरून शिट्टी काढली. पहिल्याच तासाला वेशीचा खेळ लावला आणि सानियाला फाटकावर, मोकळ्या हवेत, पहारेकरी म्हणून उभं केलं. एकेक पोर यायचं. ती मास्कच्या आडून बारीक आवाजात विचारायची, "कुठलं पावणं?" आणि पोरं खच्चून ओरडायची, "घरचंच!" तळहात दाखवायची, आत पळायची.

सगळी आत आली. वैष्णवी रस्त्यापलीकडं उभी होती. बरी होऊन ती शाळेत यायला लागल्याला दिवस झाले होते, पण शेवटच्या बाकावर एकटी बसायची. कबड्डीलाही उतरत नव्हती. आता तर तिला कुणापासून धोका नव्हता आणि तिच्यापासूनही कुणाला नव्हता, तिचा पैलवान खऱ्या कुस्तीतून डाव शिकून आला होता. हे तिला बाईंनी, डॉक्टरांनी, आजीनं, सगळ्यांनी सांगून झालं होतं. तरी ती रस्ता ओलांडेना. हात पाठीमागं बांधलेले.

बाई तिला हाक मारायला गेल्या आणि थांबल्या. शिट्टी तोंडात होती, ती त्यांनी वाजवली नाही.

सानिया फाटकातून निघाली आणि रस्ता ओलांडून तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. पायरीवरची आई उठून उभी राहिली, पण पुढं आली नाही.

"कुठलं पावणं?"

वैष्णवी एक पाऊल मागं सरली.

"ए, कुठलं पावणं? सांग की. मला उन्हात जास्त येळ उभं ऱ्हायचं न्हाय, डाक्टरांनी सांगितलंय."

मग सानियानं तिच्या पाठीमागं हात घातला, तिचे दोन्ही हात ओढून पुढं आणले, तळवे वर केले, बघितले आणि मागं वळून सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं ओरडली, "घरचंच हाय!"

फाटकात पोरांनी एकच गिल्ला केला. बाई पाठमोऱ्या झाल्या आणि, नळ चालू कुणी ठेवला म्हणून, कुणीच नसलेल्या व्हरांड्याकडं बघून ओरडायला लागल्या. नळ बंदच होता.